एका पंगतीचा विस्तार : रयत शिक्षण संस्थेचा इतिहास

पूर्वपीठिका

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे शाळांची संख्या, इमारतींचे पायाभरणी-समारंभ आणि देणगीदारांच्या नामावळी यांतच तो आटोपण्याचा संभव असतो. रयत शिक्षण संस्थेच्या बाबतीत तसे झाले तर तिच्या दप्तरातील मुख्य पानच वगळल्यासारखे होईल. कारण या संस्थेने फळा आणि खडू हाती घेण्याच्या आधी चूल पेटविली होती, आणि त्या चुलीवर कोणी रांधावे, कोणी वाढावे व कोणाच्या शेजारी कोणी बसावे या प्रश्नांचा निकाल लावल्यावाचून पुढचे काही घडणे शक्य नव्हते.

इंग्रजी अमलात विद्येचे दार कायद्याने सर्वांस खुले झाले होते, हे खरे. परंतु इंग्रजी शाळा असावयाची जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी, आणि शिकू इच्छिणारा कुणब्याचा, धनगराचा वा महाराचा मुलगा असावयाचा तिथून पाच-दहा कोसांवरच्या खेड्यात. त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून जेवण्याची सोय होती. सात घरी सात वार मिळाले की आठवडा निभे, माधुकरीही मिळे, आणि या आधारावर शिकून पुढे विद्वान, वकील वा न्यायाधीश झालेल्यांची उदाहरणे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. तो आधार समाजाने फार जिव्हाळ्याने उभा केला होता; मात्र तो जातीच्या उंबरठ्याच्या आतच उभा होता. ज्याला त्या उंबरठ्यावर पाऊल ठेवता येत नव्हते त्याच्या दृष्टीने शाळेची फी माफ झाली तरी शाळा दूरच राहात असे. शिवाय शेतसाऱ्याबरोबर लोकलफंडाची पट्टी भरणारी बहुसंख्य रयत आणि त्या पैशाच्या बळावर वरिष्ठ शिक्षण घेणारा अल्पसंख्य वर्ग यांतील विषमतेचा हिशेब जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्टपणे मांडला होता. त्या निवेदनाची दखल सरकारदरबारी किती घेतली गेली, हा निराळा विषय आहे.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी हा प्रश्न निवासाच्या बाजूने हाती घेतला. १८९६ साली त्यांनी सर्व जातींसाठी म्हणून जे वसतिगृह काढले त्यात ब्राह्मणेतर मुले जवळजवळ फिरकलीच नाहीत. तेव्हा १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जातवार वसतिगृहांना नावे ठेवणे आज सोपे आहे. त्या काळी मात्र, ज्या घरातून कोणी कधी शाळेची पायरी चढले नव्हते त्या घरच्या आईबापांनी मुलाला परगावी धाडण्यास राजी व्हावे एवढ्यासाठी तरी स्वजातीच्या छपराची हमी लागत होती. महाराजांनी समाज होता तसा धरून त्यातून वाट काढली. पण त्या वाटेने शिकून निघालेला मुलगा दुसऱ्या जातीच्या मुलाशेजारी जेवावयास शिकत नव्हता, ही त्या व्यवस्थेची मर्यादाही तितकीच खरी होय.

ती मर्यादा एका विद्यार्थ्याला प्रत्यक्ष सोसावी लागली. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन शेतकरी घराण्यात झाला; वडील मुलकी खात्यात नोकरीस होते. कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकत असता मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते हजर राहिले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शालेय परीक्षांत त्यांना फारसे यश लाभले नाही, आणि इंग्रजी सहाव्या इयत्तेच्या आसपास त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. पुढे ज्यांच्या नावाने विद्यापीठ निघाले त्या पुरुषाचा दाखला एवढाच. साताऱ्यास शिकवण्या, मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रचार, मग कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतील सहभाग, अशी त्यांची वाटचाल झाली. नांगराच्या निमित्ताने झालेली पायपीट व्यर्थ गेली नाही. कोणत्या गावात शाळा नाही, कोणत्या वाडीतला मुलगा हुशार आहे आणि कोणत्या पाटलाचे मन वळविता येईल, याची जणू जमाबंदीच त्यांच्या मनात तयार झाली.

पहिले दशक : १९१९–१९२९

भाऊरावांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने दुधगाव येथे चालविलेला विद्यार्थी आश्रम ही या कार्याची रंगीत तालीम म्हणता येईल. तेथे घरोघरच्या माउल्या रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत आणि त्या मुष्टिफंडावर मुलांचे जेवण चाले. त्यानंतर कराड तालुक्यातील काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वातावरणात, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी विजयादशमीच्या मुहूर्तावर रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मागासलेल्या वर्गांतील गरीब मुलांच्या शिक्षणाची व निवासाची शक्य तो मोफत सोय करणे, निरनिराळ्या जातींच्या मुलांत परस्परांविषयी प्रेम उत्पन्न करणे, अयोग्य रूढींना फाटा देणे, काटकसर आणि स्वावलंबन अंगी बाणविणे, अशी तिची उद्दिष्टे होती. यांतील दुसरे उद्दिष्ट त्या काळच्या अन्य शिक्षणसंस्थांच्या घटनांत सहसा आढळावयाचे नाही. ते लिहिणाऱ्यांनी जे लिहिले ते अमलात आणण्याची तयारीही ठेवली होती, हे विशेष.

१९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशी मुले एका छपराखाली निजू लागली, पाळीपाळीने स्वयंपाक करू लागली, एका पंगतीला बसू लागली. साताऱ्यासारख्या जुन्या राजधानीच्या गावात ही गोष्ट सहज खपण्याजोगी नव्हती. शहाणी म्हणविणारी माणसेसुद्धा, मुले शिकवा पण जेवायला वेगळी बसवा, असा मध्यममार्ग सुचवीत असत. संस्थेने तो स्वीकारला नाही. सरदार-जहागीरदारांपासून मोलमजुरी करणाऱ्यांपर्यंत अनेकांनी तिच्या पदरात काही ना काही टाकले. धनिणीच्या बागेची जागा मिळाल्यावर तिचा संसार स्थिर झाला.

या पर्वाचा जमाखर्च मांडताना भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव शिरोभागी लिहिले पाहिजे. सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या या बाईंनी प्रथम आपल्या मनातला अडसर काढला आणि मग आपल्या अंगावरचे दागिने. वसतिगृहात धान्य संपले आणि उसनवारीचे सारे मार्ग खुंटले त्या वेळी त्यांनी मंगळसूत्रही विकावयास दिले, ही हकीकत संस्थेतील प्रत्येक पिढीने ऐकलेली आहे. परजातीच्या मुलांची आजारपणे काढता काढता आणि त्यांना भाकऱ्या थापून घालता घालता १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थांच्या इतिहासात संस्थापकाचे नाव एकवचनी येते. वस्तुतः ते बहुधा द्विवचनी असते.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. आश्रमीय प्रयोगात जे घडवावयास कष्ट पडतात ते येथे खेड्यांतील पोरे भांडी घासता घासता करीत आहेत, हे पाहून महात्माजी प्रसन्न झाले. पुढे हरिजन सेवक संघाकडून वसतिगृहास साहाय्यही मिळू लागले.

दुसरे दशक : १९३०–१९३९

पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. करार नेत्यांनी केला. त्यातील ऐक्य टिकते की नाही याची परीक्षा मात्र अशा वसतिगृहांच्या पंगतीत व्हावयाची होती, आणि तेथील मुलांनी ती आपल्यापरीने दिली.

वसतिगृहातून शिकून निघणारी मुले मूठभर आणि खेडी हजारो, हे गणित एव्हाना चालकांच्या ध्यानात आले होते. ज्या गावात मुळात प्राथमिक शाळाच नाही तेथला मुलगा बोर्डिंगापर्यंत पोहोचावा कसा? १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार लोकल बोर्डाकडे गेला होता. पण बोर्डाचा खजिना तोकडा, आणि डोंगरकपारीतल्या वाडीची दरखास्त मंजूर होईपर्यंत एक पिढी निरक्षर राहून जावयाची. म्हणून संस्थेने प्रथम शिक्षक घडविण्याचे मनावर घेतले आणि १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय काढले. ब्रिटिश बादशहांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे वर्ष असल्याने त्याचे नाव त्या प्रसंगावरून ठेवण्यात आले. पुढे त्यास महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. नावाच्या बाबतीत लवचिक आणि कामाच्या बाबतीत हट्टी, हे भाऊरावांचे धोरण त्यांच्या टीकाकारांना नेहमीच बुचकळ्यात टाकीत आले.

यातून निघालेल्या शिक्षकांच्या बळावर, साताऱ्याच्या डोक्यावरील यवतेश्वरापासून आरंभ करून, शाळा नसलेल्या गावांत व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. देवळाची ओवरी, चावडी किंवा कोणाच्या गोठ्याची पडवी ही इमारत. एकच गुरुजी हा सारा नोकरवर्ग. वेतन अनिश्चित, आणि गावकरी देतील ते धान्य हा त्यावरचा भत्ता. मुले सकाळी जनावरे सोडून येत आणि दुपारी पुन्हा जनावरांमागे जात. या शाळांची संख्या वाढता वाढता ५७८ पर्यंत पोहोचली, आणि स्वातंत्र्यानंतर शिक्षणाची जबाबदारी शासनाने अधिक अंगावर घेतली तेव्हा त्या स्कूल बोर्डांच्या स्वाधीन झाल्या. आपण उभारलेले काम विनातक्रार दुसऱ्याच्या हाती देऊन टाकणे ही गोष्ट संस्थांच्या जगात विरळाच. त्या पाचशेअठ्ठ्याहत्तर गुरुजींपैकी बहुतेकांची नावे आज कोठल्याही कोनशिलेवर नाहीत. हा लेख लिहिताना त्याची खंत वाटल्यावाचून राहात नाही.

तिसरे दशक : १९४०–१९४९

१९४० साली महाराजा सयाजीराव फ्री अँड रेसिडेन्शियल हायस्कूल साताऱ्यास निघाले. माध्यमिक शिक्षण मोफत आणि निवासासह देण्याचा असा उपक्रम त्या काळी नवलाचा होता. पैसा नसलेल्याने श्रमाने फी भरावी हा त्यामागील विचार. शेतात खोदकाम, खडी फोडणे, बांधकामावर मजुरी, बागाईत अशी कामे करून मुले आपल्या जेवणाखाण्याचा भार हलका करीत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले तेव्हा हीच पद्धती महाविद्यालयात आली आणि ‘कमवा व शिका’ या नावाने सर्वत्र परिचित झाली.

या योजनेविषयी बरेच गोड लिहिले गेले आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. श्रमाचे माहात्म्य सांगणाऱ्या भाषणांत एक गोष्ट निसटते : ज्याच्या बापाने फी भरली आहे तो विद्यार्थी सकाळी पुस्तक उघडून बसतो त्या घटकेला या योजनेतला विद्यार्थी कुदळ मारीत असतो, आणि परीक्षेत प्रश्नपत्रिका दोघांना एकच मिळते. योजनेने विषमता नाहीशी केली असे म्हणणे धाडसाचे होईल. तिने विषमतेची किंमत देण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग दिला, आणि ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता त्यांच्या दृष्टीने तेवढेही फार होते. शिवाय, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हाताने काम करणे हेच हीनपणाचे लक्षण ठरले होते त्यांच्या मुलांच्या हातीही येथे कुदळ आली. श्रमाची वाटणी जातीने ठरविलेल्या देशात या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

शिकलेल्या मुलांना पुढील शिक्षणासाठी कर्जाऊ रक्कम मिळावी म्हणून लक्ष्मीबाईंच्या नावाने पतपेढी निघाली. एके काळी बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले ते संस्थेच्याच सेवेत दाखल झाले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय याच दशकातले. येथे स्पष्ट नमूद केले पाहिजे की, जातीची भिंत पाडण्यास जी तडफ आरंभापासून दिसते ती मुलींच्या बाबतीत उशिरा दिसते. खेड्यांत शिक्षिका असल्यावाचून मुली शाळेत येत नाहीत, या अनुभवाने मग त्या कामाला गती दिली.

बेचाळीसच्या धामधुमीत सातारा जिल्हा पेटलेला असताना वसतिगृहातील तरुण त्यापासून अलिप्त राहिले असते तरच नवल. महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ एकशेएक विद्यालये काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास काही गैरसमजांमुळे सरकारी अनुदान काही काळ थांबले. तो प्रसंग दोन्ही बाजूंनी उकरून काढण्याचे आता प्रयोजन नाही. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापाशी रदबदली केली आणि अनुदान पूर्ववत झाले, एवढे म्हणून पुढे जाणे इष्ट. मधल्या काळात शिक्षकांनी पगाराची वाट पाहात शाळा चालू ठेवल्या.

चौथे दशक : १९५०–१९५९

संकल्पाप्रमाणे खेडोपाडी माध्यमिक विद्यालये निघाली. १९५४ साली कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि पुढच्या वर्षी साताऱ्यास मौलाना आझादांच्या नावाने शिक्षणशास्त्राचे महाविद्यालय सुरू झाले. निरक्षर साधूच्या नावाचे कॉलेज काढावे, हे भाऊरावांनाच सुचावे. एप्रिल १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली, त्याच वर्षी पद्मभूषण किताब मिळाला, आणि ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या समयी ३८ वसतिगृहे, १०८ माध्यमिक विद्यालये, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ महाविद्यालये एवढा विस्तार झालेला होता.

१९६० ते १९७९

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतरची दोन दशके ही भरभराटीची. यशवंतराव चव्हाणांसारख्या मुख्यमंत्र्याचा आणि पुढे संस्थेच्या अध्यक्षाचा आधार लाभला; आर्थिकदृष्ट्या मागासांना फीची सवलत मिळू लागली; १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. सहकारी साखर कारखाने, बाजार समित्या आणि एस. टी. महामंडळाच्या गाड्या यांच्या बरोबरीने ‘रयत’ची शाळा हेही प्रगत गावाचे एक लक्षण मानले जाऊ लागले. नेतृत्वबदलाच्या काळात कार्यपद्धतीविषयी मतभिन्नता स्वाभाविकच होती. कार्यकर्त्यांच्या समंजसपणामुळे तिचे सावट कामावर पडले नाही.

मात्र या भरभराटीत एक नवी श्रेणी नकळत तयार होत होती. ज्या बहुजन समाजासाठी संस्था निघाली त्यातला बागाईतदार वर्ग शिकून वर आला, त्याची मुले डॉक्टर-इंजिनीयर झाली, आणि त्याच गावातील भूमिहीनाचा मुलगा शालान्त परीक्षेच्या गणित-इंग्रजीत अडखळून शेतमजुरीवर परतू लागला. १९७५ पासून दहावी-बारावीची नवी रचना आली तेव्हा ही चाळणी अधिकच बारीक झाली. संस्थेच्या वार्षिक अहवालांत उत्तीर्णांचे शेकडा प्रमाण छापले जाते. अनुत्तीर्णांची जातवार वा जमीनधारणेनुसार मोजदाद छापण्याचा प्रघात कोठल्याच संस्थेत नाही.

१९८० ते १९९९

१९८३ साली राज्यात विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शिक्षणाच्या बाजारात देणगी या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला. संस्था या लाटेत वाहून गेली नाही, हे तिच्या चालकांचे श्रेय होय. १९९० पासून प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा साधेपणाने राहणारा कार्यकर्ता चेअरमनपदी लाभला आणि शिक्षणाच्या व्यापारीकरणाविरुद्ध संस्थेच्या व्यासपीठावरून सातत्याने बोलले गेले. मुलींच्या शिक्षणाची फी शासनाने बारावीपर्यंत माफ केली, एस. टी.चा मोफत पास मिळू लागला, आणि खेड्यांतील वर्गांत मुलींची बाके भरू लागली.

एकविसावे शतक आणि सांप्रत

आज महाराष्ट्राचे पंधरा जिल्हे आणि कर्नाटकातील एक एवढ्या प्रदेशात संस्थेच्या सातशेच्या वर शाखा असून विद्यार्थीसंख्या साडेचार लाखांच्या घरात आहे. साताऱ्यातील यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय यांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झाले आहे. संगणक कक्ष, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, विज्ञान प्रयोगशाळा हे सर्व यथासांग चालू आहे.

शिक्षणहक्काच्या कायद्याने २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत जागा मिळण्याचा अधिकार दिला. शाळा नसलेले गाव आता शोधावे लागेल. जागेचा प्रश्न असा सुटत आला असता शाळांच्याच पायऱ्या पडल्या आहेत : ऐपतदार पालक मूल घेऊन गावच्या मराठी शाळेतून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाकडे गेले, शिकवणीवर्गाकडे गेले, आणि गावच्या शाळेत उरली ती ऊसतोड कामगारांची, शेतमजुरांची, धनगरवाड्यांची मुले. एका पंगतीत सर्वांना बसविण्याचा हट्ट धरून निघालेल्या संस्थेपुढे आज अशी अवस्था आहे की, पंगत मांडलेली आहे पण वरच्या घरची मुले दुसऱ्या घरी जेवावयास गेली आहेत. गळती त्यामुळे पालकाच्या सारा-पावतीवरून जवळजवळ सांगता येते. ऊसतोडीच्या हंगामात दिवाळीनंतर हजेरीपटावरची जी नावे रिकामी होतात ती होळीनंतर पुन्हा भरतात. काही भरतच नाहीत.

शिक्षकांच्या बाजूनेही हिशेब मांडावा लागतो. राज्यातील महाविद्यालयांत पूर्णवेळ नेमणुकांच्या जागी तासिका तत्त्वावरील नेमणुका वाढल्या आहेत. त्या स्वीकारणारे पुष्कळसे तरुण पदव्युत्तर पदवी, नेट वा सेट आणि कोणी पीएच. डी. असे दाखले बाळगून असतात, आणि त्यांतील अनेक जण घरातले पहिलेच पदवीधर असतात. शिक्षणाने वर येता येते हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने सिद्ध केले. वर आल्यावर महिन्याचा पगार नियमित मिळेल याची हमी मात्र त्यांना मिळाली नाही. रिक्त पदांच्या मंजुरीसाठी संस्थेचा पाठपुरावा चालू आहे. विद्यार्थ्यांकडे वळल्यास, ‘कमवा व शिका’ योजनेतही आता मुली मोठ्या संख्येने येतात; ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत आणि रोपवाटिकेत त्या ठरलेल्या तासांचे काम करतात आणि त्या रकमेतून खानावळीचे बिल भागवितात.